पाचशे मीटरच्या आत

मोहरखेड्याच्या गावविहिरीत भागाबाई तायडे पडली, तेव्हा आमदार चुडामण भंगाळे गावातच होते. साल एक्याण्णव, एप्रिल महिना. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, चारी बाजूंना केळीच्या बागा. पाहुण्याला वाटावं, इथे पाण्याला काय तोटा! पण गावविहिरीचा तळ उघडा पडला होता. बायका पायऱ्यांनी उतरत, पायऱ्या संपल्या की दगडांच्या खाचांत पाय रोवून आणखी खाली जात आणि तळाशी बसून वाटीवाटीने हंडा भरत. भागाबाई साठीला आलेली. तिचा पाय खाचेतून निसटला आणि ती खडकावर आपटली. खुब्याचं हाड मोडलं.

चुडामणभाऊंनी तिला आपल्या जीपमधून जळगावच्या दवाखान्यात पोचवलं. तिचा मुलगा आधार भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. तो निरोप मिळताच आला. तिसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा तिला बघायला गेले. सरकारकडून काय मदत मिळवता येईल, ते सांगू लागले. ती छताकडे बघत ऐकत होती. त्यांचं बोलणं संपल्यावर म्हणाली, "भाऊ, तुमच्या बोअरले पाणी लागलं तव्हा गावात पेढे वाटले होते. म्या बी खाल्ला. गोड होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढं बोलून तिने डोळे मिटले. भाऊ बाहेर आले.

ते बोअर श्याऐंशी सालचं. भाऊ पहिल्यांदा निवडून आले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाने, गिरधरनानांनी, ते घेतलं. गावविहिरीपासून दोनशे पावलांवर. गावातलं ते पहिलं बोअर. नारळ चुडामणभाऊंच्या हातून फोडला होता. पाण्याचा फवारा झाडाएवढा उडाला, तेव्हा लोक त्याखाली अंगावरच्या कपड्यांनिशी नाचले होते. मग एकाचं बघून दुसऱ्याने घेतलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. पण विहिरीला सगळ्यांत जवळचं होतं ते भंगाळ्यांचं. विहीर आटू लागली तेव्हा कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. आमदाराच्या घरचं बोअर म्हणून कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी बोलत नाही म्हणून भाऊंनाही विचार करावा लागत नव्हता.

गिरधरनाना त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा चुडामण चौथीत होता. नानांनी औत हाती धरलं आणि धाकट्याला जळगावला शिकायला ठेवलं. त्याच शिक्षणावर चुडामणभाऊ सावद्याला शाळेत पंधरा वर्षं गणित शिकवत होते, मग जिल्हा परिषदेत गेले, मग विधानसभेत. त्यांची बायको पुष्पाबाई अठ्ठ्याऐंशी साली गेली. एकुलती मुलगी धुळ्याला दिलेली. त्यामुळे घर म्हणजे नानांचंच घर, आणि ताट म्हणजे वहिनींनी, बेबाबाईंनी वाढलेलं ताट.

सभागृहात चुडामणभाऊंची ओळख एवढीच होती, की हा माणूस विधेयकं वाचतो. बाकीचे आमदार विधेयकाच्या प्रतीने वारा घेत, भाऊ त्याच प्रतीवर वह्या तपासल्यासारख्या लाल शाईच्या खुणा करत. कायद्यात 'किंवा'च्या जागी 'आणि' पडलं तर कुणाचं तरी रेशन बंद होतं, हे ते इतक्यांदा सांगत की उपाहारगृहात त्यांना 'किंवा-आणि' असंच नाव पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. वाईट वाटायचं, पण सवय सुटली नाही.

त्या जुलैच्या अधिवेशनात पिण्याच्या पाण्याचं विधेयक आलं. आमदार निवासातल्या खोलीत खिडकीशी बसून भाऊंनी ते वाचायला घेतलं. सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कुणालाही नवी विहीर खोदता येणार नाही, नवं बोअर घेता येणार नाही, असं तिसऱ्या कलमात होतं. वाचून त्यांना बरं वाटलं. मग ते सातव्या कलमापाशी आले. या कायद्याच्या आधी खोदलेल्या विहिरींना आणि बोअरांना हे लागू नाही, असं त्यात लिहिलं होतं.

ते कलम त्यांनी चार वेळा वाचलं. अर्थ सरळ होता. ज्यांनी आधीच खोदलं, ते सुटले. उलट त्यांच्या शेजारी आता कुणी खोदणार नाही, म्हणजे त्यांचं पाणी पक्कं झालं. मोहरखेड्यात या कायद्याचा सगळ्यांत मोठा फायदा कुणाला होणार, हे काढायला त्यांना गणिताची गरज नव्हती.

त्यांनी दुरुस्ती लिहिली. पाचशे मीटरच्या आतली बागायतीची जुनी बोअरंही दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि मालकांना भरपाई द्यावी. हस्ताक्षर सुवाच्य येईपर्यंत तीनदा कागद फाडला आणि सकाळी विधिमंडळाच्या सचिवालयात नेऊन दिला.

दुपारी पक्षाच्या प्रतोदांनी त्यांना बोलावून घेतलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. भाऊ, तुमचा मतदारसंघ केळीचा, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले. नव्या बोअरांवर बंदी लोक एक वेळ खपवून घेतील, जुन्याला हात लावला तर तुम्हालाच गावात पाऊल टाकता येणार नाही. दुरुस्ती मागे घ्या, भाषण हवं तेवढं करा. भाऊंनी विचार करतो म्हणून सांगितलं. खोलीवर आल्यावर त्यांनी विचारही केला. सातवं कलम तसंच राहू द्यायला एकही कारण सापडलं नाही, आपल्या घराशिवाय.

त्या खोलीत त्यांच्याबरोबर साक्रीकडचे आमदार लीलाधर सोनवणे राहत. सहा वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होते. लीलाधरांच्या भागात बोअरं नव्हतीच, पावसावरची शेती. उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांवर टँकरही चढत नसे. ते म्हणाले, "भाऊ, मी आहे तुमच्यासोबत. दोन तर दोन आवाज."

चर्चा दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी झाली. सभागृह अर्धं रिकामं होतं. भाऊंनी आधी आकडे मांडले: कुठल्या तालुक्यात पाणी किती फूट खाली गेलं, टँकर किती वाढले. कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"अध्यक्ष महोदय, माझ्या गावात एक बाई पाणी काढताना विहिरीत पडली. आता ती चालू शकत नाही. त्या विहिरीपासून दोनशे पावलांवर एक बोअर आहे. ते माझ्या घरचं आहे. त्याचा नारळ मी फोडलाय. हा कायदा माझ्यासारख्याला हात लावत नाही, उलट संरक्षण देतो. असा कायदा मी घरी कसा नेऊ?"

मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पत्रकारांच्या सज्जात दोघेतिघे पुढे वाकले. मंत्र्यांनी उत्तरात सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा आदर केला आणि दुरुस्ती स्वीकारता येत नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. दुरुस्ती मतास टाकली गेली. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, असं अध्यक्षांनी सांगितलं.

"होय," चुडामणभाऊ म्हणाले.

दुसरा आवाज आला नाही. भाऊंनी मान वळवून पाहिलं. लीलाधरांची जागा रिकामी होती. बाकावर त्यांची फाइल तेवढी होती. मग 'नाही' म्हणायला सांगितलं गेलं आणि सभागृह भरून आवाज उठला, त्यात भाऊंच्या स्वतःच्या पक्षाचे आवाज होते. दुरुस्ती नामंजूर झाली. पुढे विधेयक मंजूर करताना भाऊंनी त्यालाही 'होय' म्हटलं, कारण काहीच नसण्यापेक्षा तिसरं कलम बरं होतं. पण त्या वेळचा 'होय' इतरांच्या आवाजांत मिसळून गेला, त्यांचा त्यांनाही ऐकू आला नाही.

संध्याकाळी लीलाधर खोलीवर आले. मतदारसंघातून फोन आला म्हणून बाहेर जावं लागलं, असं त्यांनी सांगितलं. भाऊंनी मान हलवली. जेवायला दोघं एकत्रच गेले, पण आमटीत मीठ जास्त झालंय, याखेरीज बोलायला काही सापडलं नाही.

बातमी भाऊंच्या आधी खानदेशात पोचली होती. भुसावळला गाडीतून उतरून त्यांनी फलाटावर पेपर घेतला. 'आमदाराच्या घरच्या बोअरने गावची विहीर आटवली', असा मथळा होता. एरवी स्टेशनवर चारपाच कार्यकर्ते यायचे. त्या दिवशी फक्त जीपचा ड्रायव्हर पुना आला होता.

गिरधरनाना ओट्यावर बसले होते. भाऊंनी पायातल्या चपला काढल्या, हातपाय धुतले, समोर येऊन बसले. बेबाबाई पाणी ठेवून आत गेल्या.

"तू तिथं मले चोर म्हटलं," नाना म्हणाले.

"तुम्हाला नाही, नाना. मी आपल्याला म्हटलं."

"आपल्याले म्हंजे मलेच. बोअर म्या घेतलं, मोटर म्या बसवली, रातची पाण्याची बारी म्या दिली. तू तर मुंबईले होता. तुले चोरी लागत नही, तुले टाळ्या लागता."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, हे सांगायचं भाऊंच्या ओठांवर आलं. पण ते सांगून काही उपयोग नव्हता, कारण नानांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. केळीच्या घडांवर भाऊंच्या निवडणुका झाल्या होत्या. त्यांच्या अंगावरचा खादीचा सदराही त्याच पाण्याचा होता.

त्यांनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. कायदा जुन्या बोअरला हात लावत नाही, पण आपण स्वतः बंद करू शकतो. उभ्या बागेला मी हात लावणार नाही. हे घड कापून होऊ द्या, पण नवी लागवड करू नका. पुढच्या उन्हाळ्याच्या आत मी वीज तोडायला अर्ज देणार आहे. कनेक्शन माझ्या नावावर आहे. नानांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन मंग रानात काय लावू?" भाऊंनी ज्वारी, कापूस, हरभरा अशी नावं घेतली. नाना उठून आत गेले. त्यानंतर चुडामणभाऊंशी ते थेट बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं तर बेबाबाईंना सांगत, आणि बेबाबाई ताट वाढता वाढता खालच्या मानेने ते पोचवत.

नानांनी नवी लागवड केली नाही. भाऊंना वाटलं होतं, ते करतील, मुद्दाम करतील. पण नानांनी रान रिकामं ठेवलं. हिवाळ्याच्या शेवटी शेवटचे घड गेले आणि मोडलेल्या खोडांचं रान उघडं पडलं. मार्चमध्ये वायरमन आला. खांबावर चढून त्याने तार काढली, तेव्हा दोघे भाऊ बांधाच्या दोन टोकांना उभे होते. वायरमन खाली उतरला, आमदारांना नमस्कार करून सही घेऊन गेला. नाना जागेवरून हलले नाहीत. भाऊ त्यांच्याकडे निघाले, दहा पावलं गेले आणि थांबले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोवर नाना वळून चालू लागले होते.

जूनमध्ये नाना एक छापील अर्ज घेऊन भाऊंच्या खोलीत आले. वर्षभरात पहिल्यांदा. नव्या बोअरच्या परवानगीचा अर्ज होता, नव्या कायद्याखालचा. रानाच्या पार उत्तर टोकाला जागा ठरवली होती. तलाठ्याने टेप धरून मोजली होती: गावविहिरीपासून पाचशे वीस मीटर. सातबाऱ्यावर दोघांची नावं असल्यामुळे भाऊंची सही लागत होती.

भाऊंनी अर्ज वाचला. त्यात चूक एकही नव्हती. ते म्हणाले, "नाना, जमिनीखाली पाण्याला टेप कळत नाही."

"कायदा तुव्हाच शे का नही?" नाना म्हणाले. ते मोहरखेड्याची बोली बोलत, पण रागात त्यांच्या तोंडी अमळनेरकडच्या आजोळची अहिराणी येई. "पाचशे तुमीच लिखं. मी वीस जास्तीनं धरं. आते आखो काय पाहिजे?"

भाऊंनी अर्ज ठेवून घेतला. पाचशेचा आकडा त्यांनी लिहिला नव्हता, पण त्याला 'होय' म्हटलं होतं. कायद्यात बसणारं काम अडवायचं, तर मग सभागृहात बसण्याला अर्थ काय. आणि सही करायची, तर भागाबाईसमोर उभं कसं राहायचं? दोन दिवस अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी नानांना निरोप पाठवला, की वाटणी करून घ्या. उत्तरेकडचं रान आणि घर तुमच्या नावावर करा, बंद बोअरचं रान माझ्याकडे राहू द्या. मग तुम्हाला माझी सही लागणार नाही.

वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नाना एकदाच बोलले. अंगठा उमटवून झाल्यावर त्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसत म्हणाले, "माय असती तर हे झालं नसतं." 

मागच्या दोन खोल्या भाऊंकडे राहू द्याव्यात, असं बेबाबाईंनी नानांकडून कबूल करून घेतलं होतं. मधलं दार मात्र बंद झालं. बेबाबाई काही दिवस पलीकडून भाजीची वाटी पाठवत राहिल्या, मग तेही थांबलं. भाऊ स्टोव्हवर खिचडी करायला शिकले. अधिवेशन नसलं की दिवस फार लांब होई. नानांच्या नव्या बोअरला तीनशे साठ फुटांवर पाणी लागलं. पेढे वाटल्याचं भाऊंनी ऐकलं. त्यांच्याकडे आले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना तिकीट नाकारलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मुंबईची खोली रिकामी करताना त्यांच्याकडे दोन पेट्या होत्या, एक कपड्यांची आणि एक विधेयकांच्या प्रतींची. लीलाधर पुन्हा निवडून आले होते. त्यांनी भाऊंना टॅक्सीपर्यंत सोडलं, दार लावताना खिडकीत वाकले आणि म्हणाले, "त्या दिवशी फोन आला नव्हता, भाऊ." चुडामणभाऊ म्हणाले, "माहीत आहे." मग टॅक्सी निघाली.

गावात आता त्यांच्याकडे कामासाठी येणारं कुणी नव्हतं. पूर्वी पहाटेपासून ओट्यावर माणसं असत: बदलीचा अर्ज, दाखला, डीपी जळली. आता लोक रस्त्यात नमस्कार करत आणि पुढे जात. बागायतदारांना ते नको होते आणि बाकीच्यांना त्यांचा उपयोग नव्हता. जुनं बोअर बंद झाल्यावर गावविहिरीला पहिल्या वर्षी पाणी टिकलं होतं, बायकांना मेपर्यंत उतरावं लागलं नव्हतं. गाव म्हणालं होतं, यंदा पाऊस चांगला होता. दुसऱ्या वर्षापासून ते पुन्हा खाली गेलं.

निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी आधार तायडे त्यांच्या दारात आला. बौद्धवाड्यातल्या लोकांना पाण्याचा कायदा समजून घ्यायचा होता. अर्ज कुठे करायचा, कोणाविरुद्ध करता येतो, किती दिवसांत उत्तर मिळतं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी पाचला विहारात याल का, असं त्याने विचारलं. बोलण्यात अदब होती, पण तो आत येऊन बसला नाही.

भाऊ साडेचारलाच जाऊन पोचले. अकरा माणसं जमली होती. भागाबाईला खाटेसकट आणून भिंतीशी ठेवलं होतं. खुबा कधी नीट जुळलाच नाही. भाऊंनी प्रत उघडली आणि कलमं एकेक करून सांगितली. कुठे 'किंवा' आहे, कुठे 'आणि', तेही सांगितलं. इथे कुणी हसलं नाही. आधार वहीत लिहून घेत होता. विहिरीच्या जवळ कुणी नवं खोदत असेल तर तहसीलदारांकडे कसं जायचं, याचा नमुना भाऊंनी त्याला तिथेच लिहून दिला. तास कसा गेला, त्यांना कळलं नाही. इतक्या लक्षपूर्वक त्यांचं बोलणं सभागृहात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी त्यांनी, कुणाला काही विचारायचंय का, म्हणून पाहिलं. भागाबाई कोपरावर उठून बसली.

"पाचशेच कायले, भाऊ? पाचशेच्या पलीकडून पाणी वढल्या जात नही का?"

"जातं," भाऊ म्हणाले.

"मंग हजार कायले नही लिहिलं?"

"हजाराला 'होय' म्हणणारी माणसं नव्हती, भागाबाई. जुनी बोअरं बंद करायलाही नव्हती. मी एकटाच होतो."

ती पुन्हा खाटेवर आडवी झाली. मग तिने सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत आधारने वहीतलं मोठ्याने वाचून दाखवलं आणि भाऊंनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. चहा घेऊन ते उठले. पुढच्या रविवारी यायला हवं का, हे विचारावंसं त्यांना वाटलं. पण समजायचं होतं ते समजून झालं होतं, आणि आधारला भुसावळची गाडी गाठायची होती. प्रत काखेत धरून ते विहिरीच्या अंगाने घराकडे चालू लागले. उत्तरेच्या रानात नानांची मोटर चालू होती. नाना बांधावर पाठमोरे उभे राहून बारी देत होते. भाऊ रस्त्यात थांबले. नाना वळले तर हात वर करायचा, असं मनाशी ठरवून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग उजेड कमी झाला, तसे ते मागच्या दाराने आपल्या खोलीत गेले.